सतरा हात मांजरपाट

मास्तर गेले तेव्हा त्यांच्याविरुद्ध मी छापलेल्या पत्रकाच्या साठ-सत्तर प्रती माझ्या खाटेखाली शिल्लक होत्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला त्यांचा पट्टशिष्य ठरवायला नको. त्यांच्या शोकसभेत एकदम अकरा पट्टशिष्य निघाले. हयातीत एकही नव्हता.

पत्रकाचं नाव होतं 'देश जळत असता हे काय वाजवता?' मी तेव्हा अकोल्यात महिन्याला एखाददुसरं पत्रक काढत असे. गटारांवर काढलं, हुंड्यावर काढलं, म्युनिसिपालिटीच्या न पेटणाऱ्या दिव्यांवर काढलं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, कारभार नागपूरचा आणि कापूस विलायतेचा, हे वाक्य माझं आहे. पुढे ते तीन पुढाऱ्यांनी भाषणात वापरलं आणि एकानंही कुठून घेतलं ते सांगितलं नाही. तर अशा काळात जुन्या शहरात, मोर्णेच्या काठावर, एक चांगला शिकलेला माणूस रॉकेलच्या डब्यांना तारा ताणून दिवसभर ठणठण करत बसतो, याचा मला मनापासून संताप आला होता.

पत्रक घेऊन मी सरळ त्यांच्या दारात गेलो. लपून वाटणं माझ्या तत्त्वात बसत नाही. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, पत्रक उभ्यानं वाचलं, मग ओसरीवर बसून मांडीवर बोटांनी ठेका धरत पुन्हा मोठ्यानं वाचलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "फक्त तिसऱ्या परिच्छेदात लय पडली. 'निर्लज्ज' दोनदा आलं. एक काढ, मंग पाह्य कसं धावते ते."

"मास्तर, हे तुमच्याविरुद्ध आहे."

"ते समजलं गा मले. पण लय तं सांभाळशीन का नाई?"

मग त्यांनी तो कागद कानाशी नेऊन हलवला आणि आणखी पन्नास प्रती मिळतील का असं विचारलं. आठवड्याभरानं त्यांच्या ओसरीवर सायकलीचं एक चाक उलटं टांगलेलं दिसलं. त्याच्या आऱ्यांमध्ये माझी पन्नासच्या पन्नास पत्रकं अडकवली होती आणि चाक फिरवलं की ती फडफडून खर्रर्र असा आवाज यायचा. माझ्या लिखाणाचा इतका नेमानं उपयोग त्याआधी कोणी केला नव्हता आणि नंतरही केलेला नाही. रागानं म्हणून मी रोज ते चाक बघायला जाऊ लागलो, आणि असं आमचं जाणंयेणं सुरू झालं.

मास्तर मूळचे अमरावतीचे. तिथल्या एका शाळेत ते ड्रॉइंग शिकवायचे. नागपूरहून इन्स्पेक्टर तपासणीला आला त्या दिवशी वर्गाला लोटा काढायचा होता. मास्तरांनी लोटा टेबलावर ठेवला, पोरांना डोळे मिटायला सांगितलं आणि लोटा फरशीवर पाडला. म्हणाले, आता जे ऐकलं ते काढा. इन्स्पेक्टर वर्गात शिरला तेव्हा प्रत्येक पाटीवर नुसत्या रेघोट्या, ठिपके आणि भेंडोळी. त्यानं पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "लोटा कुठे आहे?" पोरगं म्हणालं, "पडला साहेब." नोकरी त्याच महिन्यात गेली. मी या प्रकरणावर पत्रक काढायला तयार होतो, पण मास्तर म्हणाले, इन्स्पेक्टरचं चुकलं नाही, लोटा खरंच कुठे नव्हता.

नोकरी गेल्यावर ते कापसाच्या बाजारात फिरू लागले. हंगामात अमरावतीच्या रस्त्याला बैलगाड्यांची रीघ लागते. प्रत्येक गाडीचं चाक वेगळं कुरकुरतं, हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्यातल्या सात गाड्या निवडून, 'वंगण घालू नका, तुमच्या चाकात पंचम आहे' असं गाडीवानांच्या हातापाया पडून सांगणारा माणूस एकच. नांदगाव खंडेश्वराहून सात गाड्या सुरांच्या क्रमानं निघाल्या. चार मैलांवर गंधाराचा बैल बसला आणि ऋषभ पुढे निघून गेला. मास्तर मधल्या मोकळ्या जागेत स्वतः गंधार गात चालत अमरावतीपर्यंत आले. गाडीवानांनी नंतर दीड महिना त्या रस्त्यावर त्यांना पाणी विचारलं नाही, कारण दोन गाड्यांचे आस कोरडे जळून गेले होते.

आणि मग ते अकोल्यात आले, घर मिळालं ते पिंजाऱ्यांच्या गल्लीला लागून, आणि सगळा घोटाळा झाला.

पिंजाऱ्याची धनुकली कोणी ऐकली नसेल असं नाही. माणसाएवढं लाकूड, त्यावर ताणलेली तात, लाकडी मोगरीनं ती ठोकायची आणि तातेखाली कापूस धरायचा. शेजारी राहणारे म्हातारे पिंजारी, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, सकाळी सात वाजता सुरू करायचे. दुसरा कोणी असता तर घर बदलता. मास्तरांनी भिंतीला भोक पाडून घेतलं.

नऊ धनुकल्यांसाठी त्यांनी एक वादन रचलं. बारा वर्षं रचत होते. ते लिहायला सा रे ग म चालेना म्हणून त्यांनी मांजरपाटाचं सतरा हात कापड घेतलं आणि त्यावर गेरू, नीळ आणि काजळ घेऊन रंगवलं. जोराचा ठोका म्हणजे मोठा डाग, हलका म्हणजे ठिपका, तात थरथरत राहिली की पिसासारखी रेघ. ते कापड ओसरीवर वाळत घातलं की येणारेजाणारे विचारायचे, मास्तर, गोधडी कधी शिवता. मी स्वतः ते चित्र म्हणून पाहिलं आहे आणि मला ते आवडलं होतं, पण हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, कारण माझं पत्रक अजून मागे घेतलेलं नव्हतं.

वादन तीनदा झालं. म्हणजे तीनदा सुरू झालं. पहिल्यांदा अकोल्याच्या मोठ्या सभागृहात. चौथ्या मिनिटाला अध्यक्ष असलेले वकीलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी आभार मानले. दुसऱ्यांदा अमरावतीला गणपतीच्या मांडवात; आरतीची वेळ झाली म्हणून थांबवलं, आरतीला अजून तास होता. तिसऱ्यांदा चांदूर बाजारला, भर बाजाराच्या दिवशी. तिथे लोकांची हरकत नव्हती. बैलांची होती. एक जोडी खुंटा उपटून निघाली, तिच्यामागे सगळा बाजार निघाला आणि दोन धनुकल्या खुरांखाली मोडल्या. त्या दिवसापासून बाकीच्या आठ पिंजाऱ्यांनी मास्तरांचं नाव टाकलं. एकटे चाचा राहिले.

मग मास्तर तापानं आजारी पडले आणि आठव्या दिवशी, भर दुपारी, जिनिंगचा भोंगा वाजत असताना गेले. काकू, म्हणजे त्यांची बायको, उशाशी होत्या. शेवटचं काय बोलले असं सगळे विचारत होते. काकूंनी खरं ते सांगितलं. म्हणाले, भोंगा आज उतरला हाय.

आता शोकसभा. ती त्याच मोठ्या सभागृहात, त्याच वकीलसाहेबांच्या अध्यक्षतेखाली. साहेबांनी मास्तरांना नादब्रह्माचे उपासक म्हटलं, वऱ्हाडचं भूषण म्हटलं, आणि त्यांच्या थोर वादनाला आपला कसा पहिल्यापासून आधार होता ते सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला बसवेना.

"साहेब," मी उभा राहून म्हणालो, "चौथ्या मिनिटाला आभार कोणी मानले होते?"

"ही वेळ नाही," साहेब म्हणाले.

"तेव्हाही वेळ नव्हती. मास्तरांना वेळ कधी होती ते एकदा जाहीर करा."

मागून कोणी म्हणालं, बस रे खाली. दुसरा म्हणाला, बोलू द्या. माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरतं. मी बाकावर चढलो आणि जाहीर करून टाकलं की मास्तरांचं वादन तेरवीच्या सकाळी, त्यांच्याच दारासमोरच्या मैदानात, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत होईल आणि ज्याला आभार मानायचे असतील त्यानं ते घरी मानावेत. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी कोणालाच विचारलेलं नाही.

बातमी माझ्याआधी काकूंकडे पोचली होती. मी गेलो तेव्हा त्या ज्वारी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ये. कोनाले इचारलं तू?"

"कोणाला नाही, काकू."

"बह्याड हायेस. त्यायच्यासारखाच." सुपातला एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. मला वाटलं रागावल्या. "आइक," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं म्या त्याची सुरुवात आयकली. सैपाक करता करता, लुगडी धुता धुता. सुरुवात मले झोपीत येते. तीनदा नटूनथटून गेली, तीनदा अर्ध्यातून वापस आली. घरी इचारलं का शेवट कसा हाय, तं म्हणत, आता सांगतला तं तिथं काय आयकशीन. आन् गेले. तेरवी झाली का भाऊ मले नांदगावले घेऊन जाऊन राहिला. तिथं पिंजारी नाई न काई नाई. मले त्याचा शेवट आयकाचा हाय. तुले जमन का?"

मी जमेल म्हणालो. इतकी वर्षं सभा घेतो आहे, पण कोणी मला इतका सरळ प्रश्न विचारलेला नव्हता.

चाचांचं म्हणणं वेगळं होतं. ते दारात बसून तातेला मेण लावत होते. "मी हाये," ते म्हणाले. "पण एक धनुकली म्हणजे एक धनुकली. ते आठजण येत नाईत. चांदूर बाजारचं नाव काढलं का उठून जातेत."

"दुसरे आणतो. आजूबाजूच्या गावांत पिंजारी कमी आहेत का? पत्रक काढतो."

"काढा बेटा," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज मला त्या वेळी फारसा उत्साही वाटला नाही.

पत्रक काढायची एक रीत आहे. मला ती माझ्या गुरूंनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, शिकवली. आधी हाक द्यायची, मग ठिकाण, मग वेळ. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की लोक घरीच वाचून समाधान पावतात. कारण विचारायला माणूस सभेला आला पाहिजे. या रीतीनं मी आजवर प्रत्येक सभा भरवली आहे. त्या रीतीला धरूनच मी लिहिलं: 'तमाम पिंजारी बंधूंनो, उठा! आपापली धनुकली घेऊन रविवारी सकाळी आठ वाजता मोर्णेकाठच्या मैदानात जमा! वेळ थोडा आहे!' ज्याला वाचता येत नव्हतं त्याला चहाच्या दुकानात वाचून दाखवलं गेलं. बाजारात, जिनिंगच्या फाटकावर, पुलावर, सगळीकडे लावलं. लिखाणावर मी खूश होतो. 'निर्लज्ज' एकदाही आलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी तोंडातून वाफ निघू लागली होती. या दोन गोष्टींचा माझ्या पत्रकाशी काही संबंध आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

रविवारी साडेसातला मी मैदानात गेलो तर पिंजारी आले होते. नऊ हवे होते, एकवीस आले होते. ते रुसलेले आठही आले होते. मी चाचांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. चाचा पुलाकडे बघत होते. पुलावरून गाद्या येत होत्या.

गाद्या डोक्यावर, गाद्या सायकलीवर, गाद्या हातगाडीवर. उशा, लोड, गुंडाळलेल्या रजया. अकोल्याच्या अर्ध्या घरांनी माझं पत्रक वाचलं होतं आणि त्यातून निघणारा एकमेव शहाणा अर्थ काढला होता: थंडीच्या तोंडावर तमाम पिंजारी एका जागी जमणार, वेळ थोडा आहे, तेव्हा गाद्या घेऊन चला. पिंजाऱ्यांनीही तोच अर्थ काढला होता. त्यांतल्या कोणाला मास्तरांची तेरवी आहे याचा पत्ता नव्हता.

मी एका हातगाडीवर चढलो. "बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "इथे गाद्या पिंजल्या जाणार नाहीत. ही एका कलावंताला श्रद्धांजली आहे."

समोरच्या बाई दोन गाद्यांवर बसल्या होत्या. "मंग आमच्या गाद्या कोन पिंजन, तू?"

"भाऊ, उतर," हातगाडीवाला म्हणाला. "गाडी वापस द्याची हाय."

एवढ्यात फौजदार आले. जमावाचं पत्रक पाहून येणारच होते. त्यांच्यामागे एक शिपाई डोक्यावर दोन गाद्या घेऊन उभा होता.

"मी सरकारी कामानं आलोय," फौजदार म्हणाले.

"आणि या गाद्या?"

"त्या खासगी कामानं आल्यात."

लोक चिडले होते, पिंजारी गिऱ्हाइकं वाटून घेत होते, आणि अजून थोड्या वेळानं जो तो आपापली गादी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात गेला असता. मी चाचांना म्हणालो, संपलं. तेव्हा काकू दाराबाहेर आल्या. तेराव्याला बाईनं असं चारचौघांत येऊ नये म्हणून शेजारणी आतून ओढत होत्या. मला त्यावर दोन शब्द बोलायचे होते, पण काकूच म्हणाल्या, "माह्या अंगणात बसून राहिली मी, कोनाच्या सभेत नाई." आणि त्यांनी बगलेतलं सतरा हात कापड मैदानात पसरलं आणि टोकांना दगड ठेवले.

चाचांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आधीचे आठजण हिकडं या, नववा मी. बाकीच्यायनं गाद्या आणा, उसवा. पिंजाई बी होईन, मास्तरसाबचं बी होईन. ज्याची गादी आधी लागली त्यानं शेवटपर्यंत बसायचं, कारण कापूस मिसळला तं मी जिम्मेदार नाई."

"चाचा, मास्तरांनी यात कापूस लिहिलेला नाही," मी म्हणालो. कलेच्या बाबतीत मी तडजोड करत नाही.

"मी त्यायले बारा वर्सं सांगून राहिलो होतो," चाचा म्हणाले. "रिकामी तात चिल्लाते बेटा. कापूस लागला का मंग बोलते."

आणि त्यांनी पहिला ठोका दिला.

मी ती सुरुवात बऱ्याचदा ऐकली होती. ती कानात टोचायची, हे पत्रकात लिहिलंच होतं. पण आता तातेखाली जुन्या गाद्यांचा दगड झालेला कापूस होता, आणि ठोका पडला की आधी जाड, पोटातून आल्यासारखा आवाज येई, आणि कापूस जसजसा सुटत जाई तसतसा तो वर चढे. पोत्याएवढ्या डागांपासून कापड सुरू होत होतं आणि पुढे ठिपके बारीक होत गेले होते. मास्तरांना माहीत असो वा नसो, त्यांनी भिंतीच्या भोकातून ऐकलेली अख्खी पिंजाई लिहून ठेवली होती. चाचा आपली धनुकली घेऊन कापडाशेजारून पावलापावलानं सरकत होते आणि मानेनं खूण करत होते. काकू दुसऱ्या बाजूनं चालत होत्या. चौथं मिनिट गेलं. मी मुद्दाम पाहत होतो. वकीलसाहेब आले होते, पण आभार मानायला उठले नाहीत. त्यांच्या घरचे दोन लोड उसवून पडले होते.

कोणीच उठलं नाही. आपला कापूस सोडून कोण जाणार? अकोल्यातले दीड-दोनशे लोक तासभर एका नव्या वादनासमोर गप्प बसले, ही गोष्ट मी पत्रकात छापली असती तर कोणी विश्वास ठेवला नसता. मध्ये एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "थांब, इथं पाह्य, आता तिघं एकदम येतेत," आणि खरंच तिघं एकदम आले. सगळीकडे कापूस उडत होता. शिपायाच्या पगडीवर, शेजारणींच्या पदरावर, कापडावरच्या निळीवर.

काकू सोळाव्या हातावर पोचल्या. इथवर वादन कधीच पोचलं नव्हतं. एकेक धनुकली गप्प होत गेली, शेवटी चाचांची एकटी उरली. कापडाच्या टोकाला गेरूचा एकच ठिपका होता, रुपयाएवढा. काकूंनी त्यावर डोळे लावले. चाचांनी मोगरी उचलली, खाली आणली, आणि फौजदार शिंकले.

साधी शिंक नव्हती. तासभर दाबून धरलेली, कापसानं भरलेली, खात्याला शोभेल अशी शिंक होती. ठोका तिच्याखाली गाडला गेला.

काकू हळूच वळल्या. "झालं का शिंकून?"

"माफ करा बाई," फौजदार म्हणाले. "कापूस गेला नाकात."

"तुमची दुसरी गादी पिंजाची रायली हाय ना?"

"हो."

"मंग नाक धरून बसा." चाचांकडे वळून म्हणाल्या, "जी, शेवटचे दोन हात परत घ्या. या सायबाच्या गादीवर."

वऱ्हाडात फौजदाराला असं नाक धरून बसलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. वकीलसाहेबांनीही, कोणी सांगितलं नसताना, स्वतःचं नाक धरलं. त्यांचं पाहून पहिल्या रांगेनं धरलं. नऊ धनुकल्या पुन्हा एकेक करत गप्प झाल्या. शेवटचा ठोका हलका होता, अगदी नखानं वाजवल्यासारखा, आणि पिंजलेल्या कापसातून तो बराच वेळ निघत राहिला. काकू तो पूर्ण विरेपर्यंत वाकून उभ्या होत्या.

मग त्यांनी दगड बाजूला केले आणि कापड गुंडाळायला घेतलं. मी एक टोक धरलं. मी विचारलंच, "कसं वाटलं, काकू?"

त्यांनी कापडावरचा कापूस झटकला. "मधलं लय लांबवलं," त्या म्हणाल्या. "दहाव्या हातापासून तेराव्यापर्यंत तेच तेच हाय. जित्ते असते तं काढाले लावलं असतं. शेवट बरा हाय." टोक माझ्या हातातून घेऊन त्यांनी शेवटची घडी घातली आणि आत पानं मांडायला गेल्या.